अनुभव धागा : फिल्मफेअरची काळी बाई, बंद लिफाफा आणि आपण इंदूरवाले

जिरावन (तिलकनगर)

दरवर्षी ठरवते की यंदा एकही पुरस्कार सोहळा बघायचा नाही. आणि दरवर्षी त्या रविवारी ताटं आपोआप हॉलमध्ये येतात. नवरा विचारतो, "शिव्याच घालायच्या तर बघतेस कशाला?" अरे भिया, शिव्या घालायलाच तर बघते!

धाग्याचं निमित्त आमचं कपाट. परवा आवरताना तळाशी एक माहेश्वरी सापडली, घडीसुद्धा न मोडलेली. फेब्रुवारी २०२० ची खरेदी. आठवतंय ना? भोपाळला तेव्हाचे मुख्यमंत्री कमलनाथ, शेजारी सलमान आणि जॅकलिन, आणि घोषणा काय, तर हिंदी सिनेमाचा आयफा पुरस्कार सोहळा मध्य प्रदेशात! २१ मार्चला भोपाळ, २७ ते २९ मार्च इंदूर. सलमान जन्माने इंदूरचाच, त्यामुळे भाचा घरी येतोय अशा थाटात गावभर चर्चा. माझ्या दिराच्या मित्राच्या साडूने दोन पासांचा शब्द दिला होता. (इंदुरात पास ह्याच नात्यातून मिळतात.) मी साडी घेतली, ब्लाउज शिवायला टाकला आणि टेलरकाकांना वर सांगितलं की घाई करा, ग्रीन कार्पेटवर जायचंय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोहळा पुढे ढकलला. मग सरकार गेलं, मग टाळेबंदी. २७ तारखेला संध्याकाळी मी बेसिनपाशी उभी राहून कोथिंबिरीची जुडी साबणाच्या पाण्यात बुचकळत होते. पुढे आयफा २०२२ मध्ये अबूधाबीला झाला, २०२५ मध्ये जयपूरला झाला. इंदूरला काही आला नाही. ब्लाउजही आता होत नाही, तो विषय वेगळा.

तर लिहा. कोणाला मिळायला हवा होता त्याच्या याद्या नकोत, त्या फॅमिली ग्रुपवर टाका. पुरस्कार सोहळे, स्पर्धा, मतं, टीव्ही ह्या भानगडीत तुमचं स्वतःचं काय झालं ते सांगा.

रामबागेतले आजोबा

आमच्या वेळी ऑस्कर आमच्यापर्यंत पोचत नव्हते, फिल्मफेअर होतं, पण ते मुंबईत होऊन जाई आणि आम्हाला अंकातल्या फोटोत दिसे. आमचा खरा पुरस्कार सोहळा बुधवारी रात्री आठला, रेडिओ सिलोनवर. बिनाका गीतमाला, गाजणाऱ्या गाण्यांची क्रमवारी. सुरू झाली १९५२ मध्ये, मी ऐकू लागलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वाड्यात रेडिओ एक, तो मालकांकडे. ते खिडकीत आणून ठेवत आणि आम्ही दहा-बारा जण चौकात, कोणी पायरीवर, कोणी सायकलच्या कॅरिअरवर.

माझ्याकडे वही होती. डाव्या बाजूला पायदानाचा, म्हणजे क्रमांकाचा, आकडा, मधे गाणं, उजवीकडे मागच्या आठवड्यात ते कुठे होतं. अमीन सायानी 'सरताज गीत' म्हणाले की पुढचं नाव येईपर्यंत जो श्वास रोखला जाई, तो आजच्या लिफाफा फाडणाऱ्यांना जमत नाही. ते लिफाफा फाडतात, त्यात पाच मिनिटं विनोद करतात, तोवर उत्सुकता मरून जाते.

वर्षअखेरीच्या कार्यक्रमावर आम्ही पैज लावत असू. हरणाऱ्याने सगळ्यांना सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊ घालायचा. एका वर्षी मी हरलो आणि घरी कारण सांगितलं नाही. वडिलांना वाटलं पोरगा जुगार खेळतो. त्यांनी वही बघितली, सगळे आकडेच आकडे. मग काय झालं ते लिहीत नाही.

उसळपोहे

आजोबा, दंडवत! वही अजून आहे का?

माझी गोष्ट आत्याची. आत्या स्नेहनगरला, बँकेत नोकरी, लग्न केलं नाही, आणि सिनेमाचं वेड असं की पगार झाला की पहिले दोन खर्च ठरलेले, किराणा आणि फिल्मफेअरचा अंक. त्यात मतपत्रिकेचं पान येई. ते फाडून, भरून, पोस्टाने पाठवायचं. आत्या ते पान इन्कम टॅक्सचा फॉर्म भरावा तसं भरी. आधी पेन्सिलने, मग आठवडाभर विचार, मग शाईने.

१९९५ चे सिनेमे आठवा. एकीकडे शाहरुख-काजोलची ती ट्रेन, दुसरीकडे 'रंगीला'. आत्या रंगीलाच्या पक्षात. उर्मिला आपली मराठी मुलगी, हे एक कारण. दुसरं म्हणजे टपोरी आमिर तिला फारच आवडला होता. मी तेव्हा नववीत, आणि पूर्णपणे ट्रेनच्या बाजूने. आत्याने पान भरून माझ्याकडे दिलं आणि सांगितलं, शाळेत जाता जाता पेटीत टाक.

मी टाकलं नाही.

दप्तरात तसंच राहिलं. निकाल आला, 'दिलवाले'ने दहा पुरस्कार नेले, शाहरुख जिंकला, काजोल जिंकली. आत्या दोन दिवस बोलली नाही. आमिर त्या सुमारास असल्या सोहळ्यांना जायचा बंद झाला, आणि मला किती तरी वर्षं प्रामाणिकपणे वाटत होतं की ते माझ्यामुळे. हसू नका. चौदा वर्षांच्या पोरीला एका मताची किंमत फार वाटते.

आत्याला गेल्या वर्षी सांगितलं. ती आता ७४ ची. म्हणाली, "मला माहीत होतं. तुझं दप्तर मीच धुवायची ना." पण पान काय केलं, ते सांगेना.

गराडू

आत्या!! फुटलो.

खंडवा रोड

मी दोन वर्षं मुंबईत होतो, २०११ च्या आसपास, काम शोधत. तेव्हा एका मोठ्या सोहळ्यात 'खुर्ची भरायचं' काम केलं. कुठला ते लिहीत नाही. काम सोपं. पुढच्या रांगेतला माणूस उठून स्टेजवर किंवा बाथरूमला गेला की त्याच्या जागी जाऊन बसायचं, म्हणजे कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची येत नाही. तो परत आला की आपण उठायचं. कोट त्यांचा, बूट आपले. आठशे रुपये आणि एक फूड पॅकेट.

तुम्ही टीव्हीवर तीन तास बघता ते तिथे सात-आठ तास चालतं. आणि सुरुवातीलाच, अजून स्टेजवर कोणी आलेलं नसताना, एक मुलगा हेडफोन लावून येतो आणि म्हणतो, टाळ्या. आपण टाळ्या वाजवायच्या. आता हसा. हसायचं. आता उभे राहून टाळ्या. आता भावूक. 'भावूक' म्हटल्यावर माझ्या शेजारच्या माणसाने चष्मा काढून पुसला, काय कसलेला गडी होता! हे सगळं कॅमेऱ्यात भरून ठेवतात आणि नंतर जिथे लागेल तिथे चिकटवतात. तेव्हापासून कुठल्याही सोहळ्यात एखादी नटी पदराने डोळे टिपताना दिसली की मी आधी बघतो, मागच्या माणसाचा कोट तोच आहे का.

ध्वनी, संकलन, छायालेखन हे पुरस्कार पहिल्या तासात भराभर उरकले. तेव्हा निम्मी खुर्च्यांची रांग आम्हीच होतो. ज्या माणसाने अख्खा सिनेमा कापून जोडला, त्याच्यासाठी टाळ्या कोणाच्या, तर आठशे रुपयेवाल्यांच्या. पण मनापासून वाजवल्या, हे सांगतो.

मधे एकदा अकरा मिनिटं मी एका फार मोठ्या नटाच्या शेजारी बसलो. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एसी बढ गया है क्या?" मी म्हणालो, "हो." मराठीतच निघालं तोंडातून.

तीन आठवड्यांनी प्रसारण. विजेते तोवर सगळ्या पेपरात छापून आले होते, तरी इकडे सुदामानगरला आई-बाबा, काका-काकू, समोरचे शर्मा अंकल सगळे जमले. मी दिसलो. म्हणजे नट दिसला, आणि त्याच्या खांद्याशेजारी माझा अर्धा डावा कान. आईने तेवढ्यात ओळखलं! लहानपणी सायकलवरून पडलो तेव्हाची कानाच्या पाळीवरची खूण. शर्मा अंकल अजून मला "कान" म्हणतात.

जिरावन

कान भाऊ, हा धागा इथेच वसूल झाला.

शीख मोहल्ला

आपल्या गावची सगळ्यात मोठी पुरस्कारवाली बाई राहिलीच की! लताबाईंचा जन्म इथला, २८ सप्टेंबर १९२९. फिल्मफेअर १९५४ ला सुरू झालं तेव्हा मोजून पाच पुरस्कार होते आणि त्यात गायकांना जागाच नव्हती. 'चोरी चोरी'च्या संगीताला पुरस्कार मिळाला तेव्हा शंकर-जयकिशनपैकी जयकिशन त्यांच्याकडे आले, सोहळ्यात गाणं गा म्हणून. बाईंनी सरळ सांगितलं, पुरस्कार संगीताला आहे, गायकाला नाही, तर वाजवून घ्या. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार आला आणि पहिला त्यांनाच, 'मधुमती'साठी. रुसावं तर असं. नाही तर आजकाल लोक रुसतात आणि पुढच्या वर्षी नाचायला येतात.

आमचा अनुभव छोटासा. राज्य सरकार १९८४ पासून लता मंगेशकर सन्मान देतं, पहिला नौशादना, मग किशोरकुमारना. आमचे बाबा दरवर्षी पास मिळवत. भाषणं सुरू झाली की बाबा उठून बाहेर जात, भुट्टा खात, आणि पहिल्या गाण्याचा ठेका पडायच्या आत बरोबर जागेवर. घड्याळ नाही, काही नाही. कसं जमायचं विचारलं तर म्हणायचे, "हारांचा वास यायला लागला की समजायचं, संपत आलं."

स्नेहलता_मावशी

आमच्याकडे 'श्वास'चा डबा. २००४ मध्ये 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं, वर भारताकडून ऑस्करला गेला. आणि तिथे जाहिरात करायला, लोकांना खेळ दाखवायला पैसे लागतात हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. महाराष्ट्रात लोक वर्गणी काढत होते, मग आमच्या कॉलनीनेही कोजागिरीला बोर्नव्हिटाचा डबा फिरवला. दुधाबरोबर डबा. एका काकांनी विचारलं, "ऑस्कर म्हणजे नेमकं कोणाचं मंडळ?" १,१४० रुपये आणि एक जुना चार आण्याचा शिक्का जमला. मनीऑर्डर माझ्या मिस्टरांनी केली. सिनेमा अंतिम पाचात आला नाही. सिनेमा मात्र आम्ही नंतर सीडीवर बघितला, आणि डबा फिरवणाऱ्या सगळ्या बायका आजोबा-नातवाच्या त्या होडीतल्या प्रसंगाला रडल्या. कोणी सांगितलं नव्हतं हो, 'भावूक' म्हणून. (खंडवा रोड, गंमत आहे, दिवे घ्या.)

गराडू

२००९, मराठी सारेगमपचं लिटल चॅम्प्स. आमचा केबलवाला मराठी चॅनल देईना. म्हणे, "बीस घर के लिए कौन लगाए?" माझ्या आईने दोन गल्ल्या फिरून ६३ घरांच्या सह्या आणल्या. त्यातली निम्मी घरं मराठी नव्हती, आईने त्यांना पुरणपोळी कबूल केली होती. चॅनल लागलं. मग एसएमएस. बाबांच्या मोबाइलचा बॅलन्स दर आठवड्याला शून्य, आई आर्या आंबेकरसाठी, आजी मुग्धासाठी. कार्तिकी गायकवाड जिंकली. दोघींनी एकमेकींना दोष दिला, मतं फुटली म्हणून. पुरणपोळीचं कर्ज पुढच्या होळीपर्यंत फेडत होतो.

सुई_दोरा

मी शिवणकाम करते, आणि इथल्या हौशी नाटकांचे कपडे तीस वर्षं केले. नऊवारी, अंगरखे, पगड्या. सोहळे बघताना घरचे नटांकडे बघतात, मी शिवणीकडे. कुठे फॉल उसवलाय, कुठे पिनेवर निभावलंय.

वेशभूषेचा पुरस्कार आला की लोक चहा ठेवायला उठतात. त्यांना मी एकच सांगते, भारतात पहिलं ऑस्कर आलं ते कपड्यांसाठी, आणि आणलं कोल्हापूरच्या बाईने. भानू अथैया, 'गांधी', १९८३. आणि २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत ठेवायला दिली, नीट सांभाळली जावी म्हणून. हे मला फार लागलं. इतकं मिळवूनही ते आपल्या माघारी कुठे राहील याची काळजी.

मला स्वतःला एक मिळालं आहे. एका मंडळाच्या एकांकिका स्पर्धेत. लाकडी शील्ड, त्यावर पितळी पट्टी, आणि पट्टीवर कोरलंय : 'उत्कृष्ठ वेशभुषा'. दोन शब्द, दोन चुका. स्टेजवर घेताना दिसलं, पण फोटो काढत होते, हसावं लागलं. दुसऱ्या दिवशी संयोजकांना फोन केला, तर म्हणाले, "ताई, सगळ्या शील्डवर उत्कृष्ठच आहे, तुमच्या एकटीवर नाही." तेवढं समाधान.

पहाटेचा_पोहा

१३ मार्च २०२३, सोमवार. पहाटे साडेपाचला मी आणि धाकटा भाऊ ऑस्कर बघायला, 'नाटू नाटू'साठी उठलो. आधी 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला मिळालं. कार्तिकी गोन्साल्विस बोलली आणि गुनीत मोंगा बोलायला लागणार तेवढ्यात संगीत वाजवून तिला गप्प केलं. आई स्वयंपाकघरातून, "अगं, बोलू द्या की तिला! हत्तीचं एवढं केलं तिने." मग नाटू नाटू जिंकलं, कीरवाणींनी भाषण चक्क गाऊन केलं. भाऊ ओट्यावर चढून नाचला, पोह्यांची परात खाली. तेच पोहे वरवरचे उचलून खाल्ले, शेव-जिरावन घालून.

उसळपोहे

सुई_दोरा ताई, ती शील्ड कुठे आहे हो आता?

सुई_दोरा

नातीकडे. २०२५ च्या सप्टेंबरात 'नाळ २'ची ती छोटी त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींकडून पुरस्कार घेताना दिसली, तेव्हापासून आमच्याकडे रोज सोहळा असतो. नात माझी ओढणी नेसते, आजोबा राष्ट्रपती, मी टाळ्या. शील्ड तीच. परवा मात्र पट्टी नीट वाचून म्हणाली, "आजी, ह्यात ठ चुकलाय. मला बरोबरवालं हवं." आता राजवाड्यामागच्या दुकानात नवी पट्टी करायला टाकली आहे. गुरुवारी मिळेल म्हणालेत.

जिरावन

ताई, कागदावर लिहून दिलंत ना?

सुई_दोरा

दिलं. दुकानदाराने वाचून दाखवलं. "उत्कृष्ठ."