मिस्त्री म्हणतो, स्पेसर कशाला?

सातारकर: हॉलमध्ये 2 बाय 4 फुटांच्या व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल्स. मिस्त्री वाळू-सिमेंटच्या मालावर सिमेंटचा घोळ ओतून, स्पेसर (दोन टाइल्समध्ये सारखी फट ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) न लावता टाइलला टाइल भिडवून बसवणार म्हणतोय. वर ‘आजवर असंच केलंय’. अडून बसू का?

साइटवाला: बसाच. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून घोळ पाठीला धरत नाही. शहाबादीचं गणित इथे लागू नाही. आधी लेव्हलमध्ये कोबा (सिमेंटचा सपाट थर), तो सुकला की अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला. दातेरी थापी 12 मिमीची, रेघा एकाच दिशेने, टाइलच्या पाठीवरही पातळ हात. पहिल्या दोन टाइल्स लगेच उचलून बघा. कोपरे कोरे असतील तर माल कमी पडतोय.

निळी लेव्हल: सांधा 2 मिमी, भिंतीशी 6 मिमी मोकळं, ते स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) झाकतं. जागाच नसेल तर उन्हाळ्यात टाइल्स मधोमध तंबूसारख्या उठतात. विटांसारखी अर्ध्यावर मांडणी करत असेल तर तीही थांबवा. लांब टाइल मध्यावर किंचित फुगीर असते, शेजारचा कोपरा पायाला लागतो. एक तृतीयांश सरकवा.

सातारकर: अ‍ॅडेसिव्हसाठी तो मजुरी वाढवून मागतोय.

साइटवाला: ते रास्त आहे, काम हळू होतं. 4 मिमी थराला 20 किलोचं पोतं साधारण 35 चौरस फूट जातं. फक्त मजुरीचा शेवटचा हप्ता द्या तो प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांवर नाण्याने ठोकून झाल्यावर. पोकळ वाजेल ती ग्राउट (सांध्यातलं भरण) भरायच्या आधीच काढायला लावा.