बर्मी आणि मॅसेडोनियन स्थलांतरित: तक्ता जे सांगतो ते मला पटत नाहीये

मैथिली_रामबाग (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले आणि माझ्या चिठ्ठीत निघालं: अमेरिकेतल्या बर्मी आणि मॅसेडोनियन समाजांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना. आधी वैताग आला होता, आता दीड महिना त्यातच बुडाले आहे.

आकडे गोळा केलेत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अहवालानुसार २०१५ साली तिथले ३५ टक्के बर्मी लोक दारिद्र्यरेषेखाली होते. त्या वेळी सगळ्या अमेरिकेचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१९ मध्ये बर्मी कुटुंबाचं मध्यक उत्पन्न ४४,४०० डॉलर, तर तिथल्या भारतीय कुटुंबाचं १,१९,००० डॉलर. मॅसेडोनियन मंडळी बर्मींच्या कितीतरी वर आहेत, इतर युरोपीय समाजांच्या रांगेत.

आमच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, "निष्कर्ष स्पष्ट आहे. एक समाज रुळला, दुसरा रुळू शकला नाही. लिहून टाक." पण मला ते लिहवत नाहीये. माझ्या आजीचं माहेर रामबागेतलं, तिच्या पणजोबांना होळकरांच्या कचेरीत नोकरी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिने लहानपणी पाहिली आहेत. १९५० साली कोणी आमच्या घराचा आणि त्यांच्या घराचा असाच तक्ता केला असता तर काय निघालं असतं? आज त्यांच्यातल्या कितीतरी जणांची क्लॉथ मार्केटात मोठी दुकानं आहेत आणि आमच्या घरात सगळे पगारदार.

या दोन समाजांत कोणी वावरलं आहे का? तुलना करायचीच तर कशी करावी? सादरीकरण पुढच्या महिन्यात आहे.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

मैथिली, मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली, म्हणून फक्त आकड्यांपुरतं बोलतो.

तुझे दोन समाज दोन वेगळ्या प्रश्नांतून मोजलेले आहेत. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीत बर्मी लोकांची नोंद 'वंश' या प्रश्नाखाली, आशियाई गटात होते. मॅसेडोनियन सापडतात ते 'पूर्वज कुठले' या प्रश्नात, माणूस स्वतः जे लिहील त्यावरून. म्हणजे ज्याला पणजोबांचं गाव आठवतं आणि ते लिहावंसं वाटतं, तोच मॅसेडोनियन. बाकीचे गळाले.

आणखी एक घोळ. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांपर्यंत मॅसेडोनिया हा उस्मानी, म्हणजे तुर्की, साम्राज्याचा भाग होता. तिथून गेलेल्यांची नोंद कधी तुर्क, कधी बल्गेरियन, कधी ग्रीक अशी झाली. युगोस्लाव्हियातून फुटून स्वतंत्र देश झाला १९९१ मध्ये, आणि ग्रीसशी नावावरून चाललेला तंटा मिटून 'उत्तर मॅसेडोनिया' हे नाव लागलं २०१९ मध्ये. शिवाय त्या देशातून आलेला अल्बेनियन माणूस पूर्वजांच्या रकान्यात 'अल्बेनियन' लिहितो.

बर्मींकडेही तेच. चिन, करेन, करेन्नी, काचिन, मोन, रोहिंग्या, सगळे एका नावाखाली. सरासरी काढण्याआधी ती कोणाची सरासरी आहे हे लिहिलंच पाहिजे. आणि वय बघ. एका गटात लेकुरवाळी घरं जास्त, दुसऱ्यात निवृत्त माणसं जास्त असतील तर उत्पन्नाची थेट तुलना करता येत नाही.

---

नलू_माळवा (इंदूर)

मैथिली, तुझा प्रश्न वाचला आणि निवडत घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले.

मी तिलकनगरची. लग्नानंतर अकरा वर्षं इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी होते, आईच्या आजारपणात परत आले. तुझे दोन्ही समाज त्या एकाच गावात राहतात! अमेरिकेत बर्मी लोकांची जी मोठी वस्तीची गावं आहेत त्यांत फोर्ट वेन फार आधीपासून आहे. आणि मॅसेडोनियन लोकांची तिथली सर्वांत जुनी राजकीय संघटना १९२२ साली स्थापन झाली तीही फोर्ट वेनलाच. गावाच्या मध्यावर मेन स्ट्रीटला १९१४ पासून चालू असलेलं हॉट डॉगचं छोटं दुकान आहे, पिढ्यान्‌पिढ्या मॅसेडोनियन कुटुंबाकडे. गावातला माणूस बाहेरगावाहून परतला की आधी तिथे जातो, जसे आपण पोहे खायला जातो.

आमच्या शेजारी एक मॅसेडोनियन आजी राहायच्या, ऐंशी पार केलेल्या. सप्टेंबर लागला की अंगणात शेगडीवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजायच्या, सालं काढून त्याचं आयवार, म्हणजे चटणी, करायच्या. भाजलेल्या वांग्याचा वास यावा तसा सगळ्या गल्लीत वास. त्यांच्याकडूनच मी 'पेचाल्बा' हा शब्द शिकले. गावाबाहेर जाऊन कमावणं, आणि जाणारा तो पेचाल्बार. त्या सांगायच्या आणि मला आपले कोकणातून गिरणीत आलेले चाकरमानी डोळ्यांपुढे यायचे. १९०३ साली तुर्की सत्तेविरुद्ध इलिंदनचा उठाव झाला, तो चिरडला गेला, गावं जाळली गेली. त्यानंतर पुरुष एकेकटे निघाले. त्यांचे आजोबा आधी इलिनॉयमधल्या ग्रॅनाइट सिटीला पोलादाच्या कारखान्यात लागले. एका खोलीत दहा-बारा जण, दिवसपाळीचा उठला की त्याच गादीवर रात्रपाळीचा झोपायचा. त्या वस्तीला 'हंगेरी हॉलो' म्हणत. १९०७ ची मंदी आली, कामं गेली, आणि लोक तिला 'हंग्री हॉलो' म्हणू लागले, भुकेली वस्ती.

मैथिली, तुझा तक्ता त्या वर्षी केला असता तर त्यात तळाला मॅसेडोनियन असते.

पुढे अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने दरवाजा जवळजवळ बंद झाला. आत होते त्यांनी दुकानं टाकली, बायका-मुलं आणली, चर्च बांधली. आज तू ज्यांचे आकडे पाहतेस त्यांतले कितीतरी जण त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आहेत, इंग्रजीत जन्मलेली. अलीकडे आलेले मॅसेडोनियनही आहेतच, पण तेही आपल्या पायांनी, पासपोर्ट घेऊन आलेले.

आता बर्मी. फोर्ट वेनला पहिले आले ते बर्मातल्या लष्करी राजवटीविरुद्धच्या १९८८ च्या आंदोलनानंतर परागंदा झालेले विद्यार्थी आणि कार्यकर्ते, नव्वदच्या दशकात. त्यांच्यात शिकलेले बरेच. मोठा लोंढा आला २००७ च्या आसपास, थायलंडच्या हद्दीवरच्या छावण्यांमधून. या छावण्या १९८४ पासूनच्या. थायलंडने निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही. त्यामुळे तेव्हा छावणीबाहेर पडून काम करायला परवानगी नव्हती. वीस वर्षं बांबूच्या झोपडीत, शिधा वाटला जाईल तेवढा खायचा, आणि मग एक दिवस विमान. तेही फुकट नाही, प्रवासखर्चाचं कर्ज काही महिन्यांनी फेडायला सुरुवात करावी लागते.

मी गावच्या लायब्ररीत दर गुरुवारी इंग्रजीच्या वर्गाला मदत करायची. पहिल्याच दिवशी नावनोंदणीचे फॉर्म भरून घेत होते. अकरा जणांपैकी चौघांची जन्मतारीख १ जानेवारी. मला वाटलं मीच चुकून तीच तारीख पुन्हा लिहिली. मग कळलं, जन्माची नोंदच नव्हती, छावणीत अंदाजे वर्ष लिहून पुढे १ जानेवारी टाकलेलं. असे कागद असलेली माणसं, आणि तक्त्यात हायस्कूलच्या दाखल्याचा रकाना!

माझ्या वर्गात एक करेन बाई होत्या. कोंबड्यांच्या कारखान्यात उभ्याने काम, दहा तास. हाताची बोटं सुजून गुळगुळीत झालेली, पेन धरताना दुखायची. एकदा त्यांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेले. तिथे फोनवर दुभाषी दिला तो बर्मी भाषेचा. बाईंना बर्मी येत नव्हतं, त्यांची भाषा स्गॉ करेन. फोनवरचा माणूस बोलतोय, बाई मान हलवताहेत, नर्स लिहून घेतेय. मी मध्ये पडले नसते तर औषधाचा डोस चुकला असता. तेव्हापासून 'बर्मी समाज' असं सरसकट म्हटलं की मला ती हलणारी मान आठवते.

उत्पन्नाबद्दल एक गोष्ट तुझ्या कामाची. त्या बाईंच्या घरात सात माणसं, तिघं कमावती, दोन पाळ्या, एक गाडी. बाजूच्या मॅसेडोनियन आजी एकट्या, पेन्शन आणि फेडून झालेलं घर. 'कुटुंबाचं उत्पन्न' या रकान्यात करेन घर आजींच्या वर बसेल. दरडोई काढलंस तर खाली जाईल. आणि घर स्वतःचं आहे का, हे विचारलंस तर २०१४ नंतर माझ्या वर्गातल्या तीन कुटुंबांनी भावंडांचे पैसे एकत्र करून घरं घेतली. छावणीतून येऊन सात वर्षांत. हे कुठल्या रकान्यात टाकशील?

अजून एक सांगायचा मोह होतोय. फोर्ट वेनच्या बर्मी दुकानात उन्हाळ्यात पालेभाजीच्या जुड्या यायच्या. एके दिवशी लालसर देठ दिसले, पान चुरगळून वास घेतला, जिभेला लावलं. आंबट! आपली अंबाडी! दुकानदारीणबाई म्हणाल्या, "चिन बाऊं." मी म्हटलं, "अंबाडी." दोघी एकमेकींना दोनदा म्हणून दाखवत राहिलो. लोकांनी परसात लावलेली भाजी होती ती, ऑक्टोबरात कडाका पडेपर्यंत पुरायची. ज्वारीचं पीठ तिथे मिळणं कठीण, पण अंबाडी मिळाली आणि मी रडले. त्या भाजीच्या विक्रीचा डॉलर कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

सरांना एवढंच विचार: आल्याला किती वर्षं झाली आणि कुठल्या दारातून आले, हे दोन रकाने नसताना 'रुळला' हा शब्द कुठून आला?

---

दांडियाबाजार (वडोदरा)

नलूताईंचं 'कुठल्या दारातून' हे मला फार पटलं. मुलाकडे मेलबर्नला दोनदा राहून आलो, तिथलं सांगतो.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात साठच्या दशकापासून अँग्लो-बर्मी लोक आहेत. १९६२ साली बर्माचा लष्करप्रमुख ने विन याने सत्ता घेतली, त्यानंतर निघालेले. इंग्रजी शाळांत शिकलेले, बर्मात रेल्वे-पोस्टात नोकऱ्या केलेले. ते तिथे पटकन स्थिरावले. देश तोच, दार वेगळं. त्याच राजवटीत दुकानं सरकारजमा झाली आणि लाखो भारतीय रंगूनहून हात हलवत परतले. त्यांत आपल्या गुजरातचे किती होते!

उलट बाजूने, व्हिक्टोरिया राज्यात नील नावाचं गाव आहे, वस्ती दोन-सव्वादोन हजारांची. तिथे बदकांचं मांस तयार करणाऱ्या कंपनीला माणसं मिळेनात. २०१० पासून करेन निर्वासित कुटुंबं येऊन राहिली. २०१५ च्या अभ्यासात त्यामुळे त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत पाच वर्षांत ४ कोटी १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भर पडली असं निघालं. म्हणजे 'समाजाची स्थिती' फक्त त्यांना काय मिळालं यावरून का मोजायची? त्यांनी गावाला काय दिलं तेही मोज.

मॅसेडोनियनही तिथे भरपूर आहेत. वुलंगाँगजवळ पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात बापाने भट्टीवर काम केलं आणि मुलगी वकील, अशी घरं मुलाच्या ओळखीत आहेत. बापाची कंबर कायमची गेलेली.

जाता जाता: मंडालेला टिळक सहा वर्षं तुरुंगात होते आणि बर्माचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत वारला. बर्मा आपल्याला इतका परका नाही, मैथिलीबेटा.

---

मैथिली_रामबाग (इंदूर)

लष्करकर काका, नलूताई, दांडियाबाजार काका, खूप आभार. काल रात्री सगळा तक्ता मोडला. आता आडव्या रांगा देशाच्या नावाने न करता आगमनाच्या काळाने केल्यात: १९२४ च्या आधीचे, १९८८ नंतरचे, २००७ नंतरचे. कुटुंबाच्या उत्पन्नाशेजारी माणशी उत्पन्न आणि कमावते हात असे दोन रकाने. प्यूच्याच अंदाजात २००० साली १७ हजारांच्या आसपास असलेले बर्मी २०१९ पर्यंत १ लाख ८९ हजार झालेत. म्हणजे २०१९ मध्ये बहुतेक जण आल्याला वीस वर्षंही झालेली नव्हती किंवा ती अशांच्या घरात जन्मलेली पोरं होती! हे वाक्य मी सगळ्यात वर ठेवलंय.

सर अजून तयार नाहीत. म्हणाले, "मग निष्कर्ष काय?" नलूताई, तुमच्या वर्गातल्या त्या बाईंशी बोलता येईल का? त्यांच्या शब्दांत काही मिळालं तर फार बरं होईल. नाव कुठेही घालणार नाही.

---

नलू_माळवा (इंदूर)

आत्ताच मेसेज टाकला. त्या हो म्हणाल्या, पण उत्पन्नाचा आकडा थेट विचारू नकोस. छावणीत आकडा विचारणारा माणूस शिधा कमी करायला आलेला असायचा. आधी मुलांचं विचार, मोठी नर्सिंगला गेली आहे, त्याबद्दल त्या तासभर बोलतील. त्यांची सुट्टी रविवारी असते. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, साडेसातला फोन लावू. माझ्या घरी ये, स्गॉ करेन मलाही येत नाही, पण त्यांची धाकटी लेक शेजारी बसून सांगेल.