गाडीचं ॲव्हरेज: घाटातले, सड्यावरचे, हायवेवरचे अनुभव सांगा

सड्यावरचा

परवा कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरत होतो. पुढे भाजीची पिकअप. इंजिनाचा आवाज नाही, नुसते ब्रेकचे लाल दिवे लागतायत, विझतायत. माझ्या काचा खाली होत्या, त्यामुळे ब्रेक लायनर जळल्याचा तो वास थेट नाकात. पठ्ठ्याने गाडी न्यूट्रलला टाकली होती. डिझेल वाचवायला, दुसरं काय!

त्या वासासरशी मी बाबांच्या जीपमध्ये जाऊन बसलो. बाबा वडाप करायचे, म्हणजे जीपने पॅसेंजर ने-आण, साखरपा-मलकापूर. घाटमाथा आला की गियरचा दांडा मधे आणायचे, मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "आता साखरप्यापर्यंत देवाच्या खात्यावर." एकदा देवाने खातं बंद केलं. पेडल दाबलं तर पाय थेट खाली टेकला. बाबांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. आई पुढे बसलेली, मांडीवर फणस. फणस फुटला, माणसं वाचली.

माझी स्वतःची गोष्ट त्याहून लाजिरवाणी आहे. आमची कलमांची नर्सरी, त्यासाठी बोलेरो पिकअप. १३ द्यायची, ती गेल्या पावसाळ्यानंतर १० वर आली. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, ऑइल बदललं. मग पंप बदलला आणि आधीच्या पंपवाल्याला भेसळीच्या नावाने चार महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या. एका दुपारी पालीला चहाला थांबलो. हात धुतले, ते पाणी मागच्या डाव्या चाकावर उडालं आणि तव्यावर शिंपडल्यासारखं चर्रर्र झालं. बाकीच्या तिन्ही चाकांना हात लावून बघितला तर कोमट. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर कळलं: खारी हवा, त्यात पावसाळ्यात महिनाभर गाडी जागची हलली नव्हती. चाकातला ब्रेक सिलिंडर गंजून अडकला होता आणि शू ड्रमला घासतच होता. म्हणजे चार महिने मी अर्धा हँडब्रेक ओढून कोकण फिरलो. काम करून घेतल्यावर पुन्हा साडेबारा.

आता कुठेही थांबलो की आधी चारही चाकांना हात लावून बघतो. बायको म्हणते, गोठ्यात म्हशी चाचपतोयस की काय.

तुम्ही काय काय केलंत? फसलेले उपायही सांगा.

कोकमसरबत

पहिली मी! आमच्याकडे फक्त स्कूटर, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. पण फणसाचं पुढे काय झालं?

सड्यावरचा

आईने तिथेच रस्त्यात सगळ्या पॅसेंजरना वाटला. कापा होता म्हणून, घट्ट गऱ्यांचा. मऊ, चिकट बरका असता तर जीप विकावीच लागली असती.

टाकीफुल्ल

आधी मोजता कसं ते सांगा, मग १० की १३ ते बोलू. पडद्यावरचा आकडा धरू नका, माझी गाडी पडद्यावर १६.८ दाखवते आणि हातात १५ येतं. टाकी फुल्ल करायची, नोझल कट झालं की तिथेच थांबायचं. "साहेब, राउंड फिगर करू का" याला नाही म्हणायला शिका. किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर पुन्हा कटपर्यंत. ४८० किमीला ३२ लिटर गेलं तर १५. आणि एका टाकीवर विश्वास ठेवू नका, निदान तीन टाक्यांची सरासरी काढा. पाचशेचं टाकून काट्याकडे बघत बसणाऱ्यांनी पुढचा धागा वाचूच नये.

आंबेवाली_देवगड

घाईत लिहितेय, पेट्या भरणं चालू आहे. दोन पिकअप आहेत आमच्या. देवगड ते वाशी साडेचारशेच्या आसपास पडतं, गाडीत सत्तर-ऐंशी पेट्या.

१) ताडपत्री!! कोणी लक्षच देत नाही. सैल बांधली की हायवेला फुगते, शीड उभारल्यासारखी. इंजिन पुढे ओढतंय आणि ताडपत्री मागे. दोऱ्या आवळून, मागचं टोक खाली दाबून बांधायला लावलं तर फेरीला दोनेक लिटर वाचतात. हे मी वहीत लिहून बघितलंय.

२) एअर फिल्टर. बागेतले रस्ते जांभ्या दगडाचे, मे महिन्यात लाल धूळ अशी उडते की मागची गाडी दिसत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर जाऊ नका. सीझनमध्ये आम्ही आठवड्याला फिल्टर काढून बघतो. पहिल्यांदा काढला तेव्हा विटेसारखा दिसत होता.

३) एका गाडीचं ॲव्हरेज अचानक ९ झालं. मेस्त्री झाले, इंजेक्टर काढून तपासले, पैसे गेले. मग समजलं की गाडी पीत नव्हती, ड्रायव्हर पाजत होता. दर फेरीला एक कॅन. सहा वर्षं घरच्यासारखा होता. जाऊ दे.

कोकमसरबत

अरेरे ताई 😔 वाईट वाटतं अशा वेळी. पैशांपेक्षा जास्त.

चाकरमानी_डोंबिवली

ताई पेटीचा दर काय चाललाय सध्या?

आंबेवाली_देवगड

धाग्यावर नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घोवाची_गाडी

मेल्यांनो, फिल्टर बदलतास, टायर बदलतास, पंप बदलतास. आधी पाय हलको करा मगे बोला. आमचो घोव हायवेक गेलो की समोरच्या गाडयेक ओव्हरटेक केल्याशिवाय तेका चाय गोड लागणा नाय. मियां गाडी चालवतंय तेव्हा १६, तो चालवता तेव्हा १३. गाडी तीच, डिझेल तांच.

टाकीफुल्ल

😂😂 धागा इथेच संपला खरं तर.

कातळावरचा_कॅम्पर

घोवांच्या वतीने माफी. मी स्कॉर्पिओवाला. वर कॅरियर लावला, त्यावर तंबूची पेटी, पुढे जाड बंपर, टायर एक नंबर मोठे. फोटोला झक्कास. ॲव्हरेज १३ वरून १०. कॅरियर वर्षातून दोनदा वापरतो, वर्षभर डोक्यावर घेऊन फिरतो. मागच्या महिन्यात चार बोल्ट सोडून तो पडवीत ठेवला, हायवेला साधारण किलोमीटरभर परत आलं. ८० च्या खाली फरक कळतही नाही, १०० ला मात्र वाऱ्याचा आवाजच वेगळा. आता पडवीत त्याच्यावर आई सोलं वाळवते.

बारातेराचा_पाना

@कॅम्पर, तुमच्या हिशोबात एक गंमत आहे. टायर मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त चालते, पण मीटरला ते कळत नाही. घेर ५ टक्के वाढला असेल तर मीटरवरचे १०० म्हणजे खरे १०५. म्हणजे तुमचं १० हे साडेदहा असणार. थोडं रडणं कमी करा. पण मोठ्या टायरचं वजन आणि क्लचवरचा ताण आहेच, तो काही फुकट नाही.

कातळावरचा_कॅम्पर

घरी हे दाखवलं. "म्हणजे सर्व्हिसिंग पण पुढे ढकलत होतास" हे उत्तर मिळालं.

भोळा_सांब

फसलेले उपाय विचारलेत म्हणून सांगतो, हसू नका. डिझेलच्या नळीला लावायचं लोहचुंबक. होय. जत्रेत नाही, चांगल्या दुकानातून घेतलं. "रेणू सरळ रेषेत येतात" म्हणाला. रेणू कुठे गेले माहीत नाही, अठराशे रुपये सरळ रेषेत गेले. सध्या फ्रिजवर आहे, लाइटची बिलं उत्तम धरतं.

मालवणातलो

बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांसाठी. माझं घर ते दुकान तीन किमी. ॲव्हरेज ९-१० च्या वर जाईना आणि दर पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून आतली काजळी जाळते. त्यासाठी इंजिन नीट तापलेलं राहावं लागतं. मी तीन किमीवर गाडी बंद करायचो, जाळणं अर्धवट राहायचं, पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. म्हणजे चूल पेटवायची आणि भात शिजायच्या आधी पाणी ओतायचं. आता दर रविवारी सकाळी चौके-कट्टा करत कसालला जातो, हायवेला लागून कुडाळपर्यंत एका चालीत आणि परत. दुकानाला स्कूटर. गाडीचं १४ झालं, माझं वजन दोन किलो वाढलं, कारण कुडाळात मिसळ.

चाकरमानी_डोंबिवली

कुडाळात मिसळ कुठे?

मालवणातलो

स्टँडजवळ कुणालाही विचारा. उशीर केलात तर नुसता पाव मिळेल.

दापोलीकर_पुण्यात

माझा उपाय म्हणजे गाडी चालवायचीच नाही 😄 दापोलीहून गुहागरला आत्याकडे जाताना आधी खेड-चिपळूण असा वळसा घालायचो. आता दाभोळ ते धोपावे फेरीबोट. गाडी बोटीवर चढवायची, इंजिन बंद, रेलिंगला टेकून खाडी बघायची. तिकीट डिझेलपेक्षा स्वस्त पडतं, मुलं खूश. पुढे तवसाळहून जयगडलाही तसंच, गणपतीपुळ्याला जायचं तर. फक्त बोटीवरून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने मारून घ्या, नाहीतर सड्यावरचा यांच्यासारखं चाक चर्रर्र.

चाकरमानी_डोंबिवली

आमचं ॲव्हरेज गणपतीत विचारा. माणगावात दीड तास एसी लावून उभं. उभ्या गाडीला तासाला लिटरभर तरी जातं, आणि पुढे सरकली किती, तर दोन किमी. पण कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूरच्या पुढची ती दुसऱ्या गियरची रडारड संपली हे कबूल करायला हवं. पूर्वी मागच्या सीटवर एक पिशवी घेऊन तयारच बसावं लागे. आमच्या धाकट्याला तर घाटाचं नाव काढलं तरी...

कोकमसरबत

जेवतेय मी 🙏

लालडबा_निवृत्त

नमस्कार मंडळी. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, नातवाच्या फोनवरून लिहितो आहे. चुकांबद्दल क्षमस्व. आमच्याकडे हिशोब दहा लिटरला किती किलोमीटर असा, केपीटीएल म्हणत. कोणाचा किती आला यावरून डेपोत रोज चेष्टा. तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

चढ दिसला की आधी गियर बदलावा. गाडी रडायला लागल्यावर बदलला तर क्लचही जातो आणि डिझेलही. पायाचं वजन क्लचवर ठेवून बसू नये. चढावर पुढची गाडी थांबली तर हाफ क्लचवर झुलत राहू नये, हँडब्रेक ओढावा. हवा सकाळी टायर गार असताना बघावी, भरल्या गाडीला भरल्या गाडीची हवा. लांबवर गुरं दिसली की तिथूनच पाय काढावा. ब्रेक दाबला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल फुकट गेलं.

आणि सड्यावरचा, न्यूट्रलला उतरवणारे आमच्यातही होते. कोणाचं नाव घेत नाही. दोघे आज हयात नाहीत.

सड्यावरचा

काका, नमस्कार. तुमचं वाचून जरा वेळ गप्प बसलो. बाबांना एवढंच वाटायचं की इंजिन हळू फिरतंय म्हणजे डिझेल वाचतंय. आताच्या गाड्या गियरमध्ये उतरताना डिझेल बंद करतात हे मला माहीत आहे. पण त्या जुन्या जीपमध्ये तरी वाचत असेल ना थोडं?

बारातेराचा_पाना

नाही हो. जुन्या इंजिनाच्या डिझेल पंपालाही गव्हर्नर असायचा, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार डिझेल कमी-जास्त करणारा भाग. गाडी गियरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, इंजिन चाकांमुळे जोरात फिरतंय, अशा वेळी गव्हर्नर डिझेल तोडतो. उलट न्यूट्रलला टाकलं की इंजिनाला स्वतःला चालू राहायला डिझेल लागतं. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलला गाडी लांब घरंगळते, तिथे थेंबभर वाचेल. आंबा घाटात ब्रेक मारत मारतच उतरायचं, तर वाचणार काय? वर लायनरचा खर्च. ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरा, जुने मेस्त्री उगाच नाही सांगत.

घोवाची_गाडी

आमच्या घोवाक ह्या वाचून दाखवलंय. म्हणता, "माका ठावक होता." तेका सगळा ठावक असता.

सड्यावरचा

पाना, तुमचं उत्तर आत्ता आईला वाचून दाखवलं. तिने सुपातले तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे फणस फुकटच गेला."

टाकीफुल्ल

🙏🙏

आंबेवाली_देवगड

आत्ता गाडी सुटली. आज ताडपत्री मी स्वतः बांधली, हाताला फोड आलाय. @चाकरमानी, व्यनि बघितला. दोन पेट्या ठेवते, पण वाशीहून तुम्हीच उचला. डोंबिवलीपर्यंत गाडी पाठवली तर माझं ॲव्हरेज जाईल.