‘तपास चालू आहे’: घरातलं माणूस बेपत्ता झालेल्यांचे अनुभव

नौपाडाकर
ठाण्यातल्या आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास ठरलाय. परवाच्या सभेत सगळ्यांच्या सह्या झाल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सोडून. फ्लॅट काकांच्या नावावर, आणि काका एका संध्याकाळी दूध आणायला म्हणून खाली उतरले ते आलेच नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते. अख्खी बिल्डिंग शोधत होती. तलावपाळी, स्टेशनचे सगळे प्लॅटफॉर्म, सिव्हिल, कळव्याचं हॉस्पिटल. पोलिसांनी मिसिंगची नोंद केली, फोटो घेतला. त्यानंतर कधीही जा, ‘तपास चालू आहे’. साहेब बदलले, हवालदार रिटायर झाले, उत्तर तेच. आणि परवा सभेत एकजण चक्क म्हणाला, ‘काकूंना डेथ सर्टिफिकेट आणायला सांगा ना.’ काकू काही बोलल्या नाहीत, पदराने चष्मा पुसत बसल्या. इतका संताप झाला, पण काढायचा कुणावर? तुमच्याकडे असं कुणी आहे का? लिहा.

खारीगाववाला
गोखले रोडच्या मागची का बिल्डिंग? भाडं किती देतोय बिल्डर?

पुलापलीकडचा
मावसभाऊ. ऐरोली पुलावर बाईक सापडली, किल्ली तशीच लावलेली. पुलाचं एक टोक नवी मुंबई पोलिसांकडे, दुसरं मुलुंडला म्हणजे मुंबई पोलीस, आणि भाऊ राहायला विटाव्याला म्हणजे ठाणे आयुक्तालय. तिन्हीकडे एकच पालुपद, ‘आमची हद्द नाही.’ पहिल्या ठिकाणी तर सांगितलं चोवीस तास थांबा, मित्राकडे गेला असेल. असा नियम कुठेही नाही हो!! नोंद लगेच घ्यावीच लागते. हे आम्हाला फार उशिरा कळलं.
खाडीत शोध घेतला तो चेंदणी कोळीवाड्यातल्या लोकांनी, ओहोटी बघून आपणहून होड्या काढल्या. डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर रागावले. अजून काही लागलेलं नाही. मावशी पुलावरून जाणाऱ्या बसमध्ये बसत नाही.

सानपाड्याची सून
अरे देवा. मावशींना सांभाळा.

कोर्टाची पायरी
घाईत लिहितेय, कोर्टात आज माझी केस सुनावणीला आहे. अठराच्या आतलं मूल असेल तर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. मोठ्या माणसाची मात्र नुसती नोंद. ‘सज्ञान आहे, मर्जीने गेला असेल’ म्हटलं की फाईल खाली. घातपाताचा संशय असेल तर तो लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.
नौपाडाकर, काकूंचं वेगळं. सात वर्षं काहीच खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो, पण आपोआप नाही, कोर्टातून ठरवून घ्यावं लागतं. मिसिंगच्या नोंदीची प्रत आहे का त्यांच्याकडे?

दोन मुलांची आई
सीसीटीव्हीवर कुणी बोललंच नाही. आमच्या सोसायटीतली मुलगी क्लासवरून आली नाही तेव्हा आम्ही बायकाच दुकानादुकानांत फिरलो. मिठाईवाल्याचा कॅमेरा बरोब्बर कोपऱ्यावर. तो म्हणाला पोलिसांचं पत्र आणा, मगच दाखवतो. त्याचंही चूक नाही म्हणा. पत्र येईपर्यंत त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसून वर नवं आलेलं. स्क्रीनवर फक्त पेढ्यांचे खोके आणि कालचं गिऱ्हाईक. मेणबत्ती मोर्चाला नगरसेवक इच्छुक सगळे हजर होते हं, फोटोत पुढे. मुलगी अजून नाही. कुकर झाला, नंतर लिहिते.

वाशी सेक्टर नऊ
ग्रुपवर फोटो टाकताना तारीख टाका रे बाबांनो. माझ्या पुतण्याचा ‘हरवला आहे’ मेसेज अजून फिरतो. तो त्याच रात्री सापडला होता, गणपतीच्या मांडवामागे झोपलेला. आता इंजिनिअरिंगला आहे, दाढी आहे, तरी वहिनीला फोन येतात, ‘तुमचा बाळ आमच्याकडे दिसला’ 😄

खारीगाववाला
😂 दाढीवाला बाळ

पनवेल फास्ट
सामान्य माणसाचं सोडा. नवी मुंबईतल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे २०१६ ला गायब झाल्या. पोलिसातल्याच बाईंसाठी घरच्यांना हायकोर्टापर्यंत जावं लागलं. २०१७ च्या शेवटी अटक झाली ती पोलीस अधिकाऱ्यालाच. पनवेल कोर्टाचा निकाल २०२५ ला, जन्मठेप. मृतदेह आजवर मिळालेला नाही. घरचे मागे लागले नसते तर तीही फाईल खालीच गेली असती.

जुना ठाणेकर
नौपाडाकर ताई, काका विसरभोळे होते का? मानसिक त्रास वगैरे? विचारतोय कारण आमच्या गावचा एकजण असाच नाहीसा झाला होता, घरच्यांनी श्राद्ध घालायला सुरुवात केलेली. तो सापडला कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनमध्ये. डॉ. भरत वाटवानींची संस्था, २०१८ चं मॅगसेसे मिळालं त्यांना. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवतात. हा गडी गाडीतून उतरला आणि पहिला प्रश्न, ‘म्हैस कुठाय?’ म्हैस केव्हाच विकलेली. बायको रडायची सोडून त्यालाच शिव्या घालायला लागली.

सानपाड्याची सून
म्हैस 😭😂 आमच्या सासऱ्यांचंही असंच, गायीशिवाय बोलत नाहीत. खरवस कुठे चांगला मिळतो हो नवी मुंबईत?

नौपाडाकर
काका जरा विसरायला लागले होते खरे, पण तेव्हा कुणी ते आजारपण समजलं नाही. कर्जतला फोन करते उद्याच. नोंदीची प्रत काकूंनी लॅमिनेट करून ठेवलीय. पण त्या कोर्टात जायला तयार नाहीत. म्हणतात, ‘मी अर्ज करायचा ते मेले म्हणून?’ कमिटीने पुढच्या महिन्याची मुदत दिलीय. सह्या न करणाऱ्यांवर कारवाईचं पत्रसुद्धा तयार आहे म्हणे. पोलिसांना एवढी घाई कधी झाली नव्हती.

कोर्टाची पायरी
त्या पत्राला घाबरू नका, मला आधी वाचू द्या. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

नौपाडाकर
मोबाईलवर व्यनि कुठे दिसतो?