एमजी टीडीला अँबॅसेडरचा मागचा एक्सल: अक्कल की आगाऊपणा?

दांडियाबाजारकर

काल इथे, बडोद्याच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर, एका सद्गृहस्थांनी एमजी टीडीच्या (१९५०च्या सुमाराची विलायती स्पोर्ट्स कार) मालकाला सल्ला दिला: "मूळ एक्सल भंगारात काढा, नव्यातल्या अँबॅसेडरचा टाका, दोन दिवसांचं काम, गाडी हायवेला सुसाट." खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतोय.

दुखणं खरं आहे. टीडीच्या मागच्या एक्सलमधल्या मोठ्या चक्राला, क्राउनला, ४१ दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८, म्हणजे रेशो ५.१२५; चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या पाचावर फेऱ्या. ताशी ऐंशी किलोमीटरला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास. ते १२५० सीसीचं लांब स्ट्रोकचं इंजिन अहमदाबाद एक्सप्रेसवेवर बोंबलतं, कबूल. पण त्यासाठी अख्खा एक्सल बदलायचा? अँबीची मागची चाकं टीडीपेक्षा तीनेक इंच रुंद बसतात. मग हौसिंग, म्हणजे एक्सलचं कवच, कापा, वेल्डिंग मारून आखूड करा, चाकापर्यंत जाणारे हाफ शाफ्ट लेथवर चढवा, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका सरकवा, हँडब्रेकला जुगाड पट्टी ठोका.

मकरपुरा जीआयडीसीत असा आखूड केलेला एक्सल उघडताना मी बाजूला उभा होतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं हौसिंग केसभर वाकलेलं, हाफ शाफ्ट तिरका बसलेला, उजव्या बाजूचं सील फाटून गिअर ऑइल थेट ड्रममध्ये. ब्रेकचे लायनर काळे, चिकट, बोटाला धागे सुटत होते. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची आणि मालक बिचारा अलाइनमेंट करून दमला होता.

सरळ रस्ता आहे की. रेशोचा आकडा लहान तितकं इंजिन निवांत. टीडीनंतरच्या १९५३च्या टीएफ मॉडेलला एमजीनंच ४.८७५ दिला, त्यापुढच्या १९५५च्या एमजीएला ४.३. एमजीएचा क्राउन-पिनियन स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) लावून टीडीच्याच हौसिंगमध्ये बसतो. बाहेरून एक नट हललेला दिसत नाही.

गिअरऑइल

तो सद्गृहस्थ मीच. नमस्कार.

काका, एमजीएचा क्राउन-पिनियन मंगळबाजारात मिळतो का? विलायतेहून मागवा, कस्टम भरा, मग शिमा लावणारा मिस्त्री शोधा. पिनियनची खोली चुकली की डिफरन्शियल रडायला लागतं, आणि तो आवाज ऐकत पावागडपर्यंत जाऊन दाखवा. आमच्या टीडीच्या पिनियनचे दात हालोलच्या पुढे झडले. वडील, आई, मागे सामान, वर मे महिन्याचं ऊन. टेम्पोला बांधून घरी आणली. त्यानंतर वडील त्या गाडीत बसलेच नाहीत. तेव्हा "मूळ" शब्द मला ऐकवू नका.

आणि कायद्याचा बागुलबुवा कुणी दाखवायच्या आत सांगतो. २०२१च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला जो मोठा फेरफार चालत नाही, त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावं आहेत. एक्सलचं नाव दाखवा, मी गाडी विकतो.

अँबीवाला_रावपुरा

एक्सल राहू द्या बाजूला. तो अँबीचा एक्सल येतो कुठून, हे कुणी विचारलं? एका धडधाकट अँबीच्या पोटातून! गोऱ्या मडमेसाठी आमच्या घरच्या बाईचं हाड काढायचं, आणि वर म्हणायचं स्वस्तात मिळतं.

२०२३ला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर मोठं प्रदर्शन भरलं तेव्हाही मी हेच पाहिलं. लोक रोल्ससमोर सेल्फी काढत होते, आणि अँबी म्हटलं की "अरे, आमच्या बाबांच्या ऑफिसला होती." बस, तेवढंच. त्याच नियमानं १९६२ची अँबीही व्हिंटेज होते, तिलाही व्हिंटेज गाड्यांचा तोच खास व्हीए नंबर मिळतो. सरकार भेद करत नाही, तुम्ही करता. २०१४ला अँबीचा उत्तरपाड्याचा कारखाना थंडावला, आता एक गेली की एक कमी.

गिअरऑइल

साहेब, मार्क वन, अँबीची पहिली पिढी, कोण कापतंय? मी नव्वदीतल्या टॅक्सीबद्दल बोलतोय, जिचा फ्लोअर गंजून रस्ता दिसतो. तुमच्या भावना दुखावल्या असतील तर त्या टॅक्सीला हार घालून मग एक्सल काढू.

अँबीवाला_रावपुरा

हार तुमच्या डोक्याला घाला. गंजलेला फ्लोअर नवा बसतो. मी बसवलाय, दोन वेळा. टॅक्सी आहे म्हणून तिला जीव नाही का? माझ्या काकांनी पंचवीस वर्षं स्टेशनवर अँबी चालवली, दोन मुलींची लग्नं त्या गाडीवर झाली. तुमच्या टीडीनं आजवर कुणाला पोसलंय? रविवारी कमाटीबागेपर्यंत जाऊन धूर सोडते, त्यापलीकडे काय?

दांडियाबाजारकर

मुद्दा एक्सलचा होता हो.

अँबीवाला_रावपुरा

मुद्दा आमच्याच पोटातून निघालाय, काका.

कलाभवनी

भांडा, पण हिशोब करून भांडा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. टीडीची चासी एमजीच्याच वाय सलूनवरून उचललेली, इंजिनही मॉरिसच्याच घराण्यातलं. अँबी म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. गोरी मडम आणि घरची बाई एकाच वाड्यातल्या आहेत. तेव्हा "परका पार्ट" म्हणून गळा काढू नका, आणि "घरचाच आहे, चालतोय" म्हणून ग्राइंडरही चालवू नका.

दोन्ही पक्षांनी विसरलेली गोष्ट: स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. ५.१२५चा ४.३ केला की काटा ५० मैल दाखवेल तेव्हा गाडी साठला असेल. ब्रेक मात्र १९५०चेच, चारही ड्रम. रेशो असा बदलला तर आधी ब्रेक बघा. शिवाय चढावर टॉप गिअर लंगडा पडेल, पावागडला माचीच्या वळणावर तिसऱ्यात खेचावी लागेल.

काय वाटेल ते करा, फक्त जुना एक्सल भंगारात देऊ नका. जुन्या गाड्या जपण्याची जागतिक सनद, ट्युरिन चार्टरही हेच म्हणतो: बदल उलटवता यावा, काढलेला पार्ट गाडीसोबत राहावा. हौसिंगवर ग्रीस चोपडा, गोणपाटात गुंडाळा, माळ्यावर टाका.

गिअरऑइल

ठीक आहे. "भंगारात काढा" हे शब्द मागे. माळ्यावर जागा बायको देईल की नाही, ते चार्टरवाल्यांना विचारतो. पण कापाकापी होतेच असं नाही. तीन इंच म्हणजे एका बाजूला दीड. चाक तेवढं आत बसेल असे डिश दाबलेले रिम बनवले तर हौसिंगला हात लावायची गरज नाही.

दांडियाबाजारकर

आता रिमही बनवा. उद्या म्हणाल, मडगार्ड रुंद केलं, परवा कापडी टप उतरवला, आणि तेरवा व्हीए नंबरसाठी आरटीओत वीस हजार भरायला जाल. बरं, रिमची कल्पना हौसिंग कापण्यापेक्षा बरी, एवढं लिहून देतो. रिम कुणी रोल करून देत असेल तर बॅलन्सिंगचा कागद इथे टाका, नुसता फोटो नको.

अँबीवाला_रावपुरा

चला, दोघांचं जमलं. वाटलंच होतं. ती टॅक्सी नेमकी कुठल्या सालची? आणि कापणारच असाल तर मागच्या दारांची हँडलं आधी मला काढू द्या, दोन्ही बाजूंची. डिकीचं झाकण सडलेलं नसेल तर तेही.