अमळनेर तालुका : जुन्या धाब्याच्या घराचं लाकूडकाम. दार फुगलंय, चौकटीला उधई, दिवाणातून पावडर. सल्ला हवा

बोरीकाठ
राम राम मंडळी. वडिलांचं धाब्याचं घर आहे. मातीच्या भिंती, सागाचे सरे म्हणजे आडव्या तुळया, वर खारी मातीचं सपाट छप्पर. दिवाळीला बहिणीकडची सगळी येणार, म्हणून दुरुस्ती काढली. सुतार म्हणतो पाडा आणि स्लॅब टाका. वडील म्हणतात लाकडाला हात लावायचा नाही. मधल्या मध्ये मी.

पुढचं दार पावसाळा लागला की अडकतं, खांदा मारल्याशिवाय उघडत नाही. मागच्या खोलीच्या चौकटीवर मातीच्या रेघा चढल्यात, उधईच असणार. आणि बाजारातून आणलेल्या दिवाणाखाली रोज सकाळी मैद्यासारखी पावडर पडते. बजेट चाळीस हजार. सुतार उद्या दार तासायला रंधा घेऊन येतोय. येऊ देऊ का?

रंधा_पटाशी (धुळे)
नका येऊ देऊ. भर श्रावणात दाराला रंधा लावायचा नसतो.

आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो. ऑगस्टात तोच पंधराच्या आसपास जातो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. तीन फुटी फळ्यांचं दार वर्षभरात अर्धा-पाऊण सेंटीमीटर सहज मागेपुढे होतं. आज तासलंत तर होळीपर्यंत एवढी फट पडेल की सरडे बिनधास्त आत येतील. मग तोच सुतार पट्टी ठोकायला येईल आणि तिचे पैसे वेगळे घेईल.

आधी एक बघा. दार नेमकं कुठे घासतं? कडीच्या बाजूचा खालचा कोपरा उंबऱ्याला टेकत असेल तर दार फुगलेलं नाही, लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असतात. ते काढा, भोकात गोंद लावलेली सागाची खुंटी ठोका, वाळली की नव्याने स्क्रू पिळा. शंभर रुपयांचंही काम नाही.

सगळ्या उंचीला घासत असेल तर मात्र फुगलंय. घासतं तिथे पेन्सिलीने खूण करा, मेणबत्ती घासून सध्या दिवस काढा आणि डिसेंबरात खुणेपुरतं तासा. तासल्यावर दार उतरवून वरची आणि खालची कड रंगवा. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून रंगारी त्यांना ब्रशच लावत नाही, आणि दार पाणी पितं ते नेमकं तिथूनच.

भुसावळ_लाइन
चौकटीला गाडीचं काळं ऑइल मारा. गॅरेजवर फुकट मिळतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं.

रंधा_पटाशी (धुळे)
कुंपणाच्या खांबाला मारा, खुशाल मारा. घरात नको. वास महिनोन्‌महिने जात नाही, त्यावर पॉलिश की रंग काहीच धरत नाही आणि आग लागली तर तेच आधी पेटतं. उधई तर भिंतीतून येते. चौकटीला वरून तेल फासून तिचा रस्ता बंद होत नाही.

केळीपट्टा (रावेर)
उधईचं मी सांगतो. रेघा लगेच झाडू नका. एक जागी बोटभर फोडा आणि चार दिवसांनी बघा. पुन्हा बुजलेली दिसली तर वारूळ जिवंत आहे.

औषध क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड. आपल्याकडे कपाशीसाठी आणलेला क्लोरो घरात पडलेलाच असतो, म्हणून लोक फवारणीच्या मापाने पंपात घालून मारतात आणि महिन्याभरात उधई परत हजर. फवारणीचं माप इथे फारच पातळ पडतं. २० टक्क्यांचा क्लोरो असेल तर एक लिटरला १९ लिटर पाणी, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण होतं. फरशी आणि भिंत मिळते तिथे फूट-फूट अंतरावर बारीक भोकं पाडून ते आत सोडायचं, वरून सिमेंटने बुजवायचं. बाहेरच्या बाजूला भिंतीलगत चर खणून मातीत ओतायचं. हातमोजे, तोंडाला मास्क, पोरं आणि गुरं लांब. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर स्वतः करूच नका, त्यातल्या माणसाला बोलवा. मातीच्या भिंतीत ती आतून कुठूनही चढू शकते, त्यामुळे एकदा करून विसरायचं काम नाही. दर पावसाळ्यानंतर टॉर्च घेऊन एक फेरी मारायची.

चोपड्याची_लेक
दादा, मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवता का? माझ्या माहेरी खिडकीचं लाकूड खालून भुसभुशीत झालं होतं, सगळ्यांनी उधई ठरवलं आणि दोनदा औषध मारून घेतलं. निघालं काय, तर कूलरचं पाणी चार महिने त्याच चौकटीवर झिरपायचं आणि लाकूड कुजलं होतं. मातीची रेघ नाही, किडा नाही, नुसतं ओलं आणि काळपट. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर बोटभर आत गेला. कूलर लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवल्यावर त्रास थांबला.

बोरीकाठ
ताई, कूलर तिथेच आहे! पण रेघाही आहेत. म्हणजे दोन्ही?

रंधा_पटाशी (धुळे)
दोन्ही. ओलं लाकूड आणि ओली भिंत उधईला फार आवडते. कूलर हलवल्याशिवाय औषधाला पैसे घालू नका.

जळगाव_सिव्हिल
दाराची चर्चा फार झाली, पण मला काळजी वरच्या धाब्याची वाटते. खारी दरवर्षी नवी टाकता, जुनी काढता का? बहुतेक घरांत काढत नाहीत, थरावर थर चढतो. एक फूट जाड मातीचं वजन दर चौरस फुटाला ४५ किलोच्या आसपास भरतं. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांच्या वर, तेही कोरडी असताना.

सरा मधून क्वचितच सडतो. सडतो तो भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल बसते आणि वारा लागत नाही. प्रत्येक सऱ्याच्या दोन्ही टोकांना हातोडीने ठोकून ऐका. आवाज टणक आला तर ठीक, भद्द आला तर टोचून बघा. टोक पोकळ असेल किंवा सरा मधून वाकलेला दिसत असेल, तर त्या खोलीत झोपणं आजपासून बंद करा, खालून टेकू द्या आणि इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा. फोटोवर असला निर्णय मी देणार नाही.

पण सरे टणक निघाले तर पाडायची घाई कशाला? इतका जुना, मुरलेला साग आज नव्याने घ्यायला गेलात तर चाळीस हजारांत एका खोलीचाही येणार नाही. जास्तीची माती उतरवली तरी निम्मा प्रश्न सुटेल.

बोरीकाठ
माती काढत नाही. वडिलांनाही आठवत नाही कधी काढली ते. उद्या ठोकून बघतो. दिवाणाचं कोणी सांगेल का?

साक्रीचे_आबा
मना घरमा बी हाईच गत व्हती. पावडर हाताला मैद्यासारखी लागते ना? मग तो भुंगा. खसखशीसारखे दाणे पडत असते तर कोरड्या लाकडातली उधई म्हटली असती. भुंगा सागाच्या लाल गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लावतो. बाजारच्या दिवाणात आतल्या पट्ट्या आंब्याच्या नाहीतर पांढऱ्या लाकडाच्याच असतात. पट्टी पोखरून हलकी झाली असेल तर बदला. टणक असेल तर भोकाभोकांत सिरिंजने लाकडाचं कीडनाशक सोडा, मेणाने बुजवा आणि सगळ्या बाजूंनी पॉलिश मारा. उघड्या, कोऱ्या लाकडावरच तो अंडी घालतो.

आमचे वडील बाभळीचे ओंडके पावसाळाभर नाल्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. लाकडातला गोडवा पाण्यात उतरला की भुंग्याला खायला राहत नाही. आता डोहच राहिले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

केळीपट्टा (रावेर)
नवीन पट्ट्या घेताना पावती घ्या. सातपुड्याकडून रात्रीचा येणारा स्वस्त साग घेऊ नका, जप्त झाला तर लाकूडही जातं आणि गाडीही. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला परवानगी लागते आणि हलवायला पास.

चोपड्याची_लेक
पॉलिशऐवजी जवसाचं तेल लावलं तर चालेल का आबा? घरात आहे.

रंधा_पटाशी (धुळे)
चालेल, पण खायचं कच्चं तेल आठवडा-आठवडा चिकट राहतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते घ्या, पातळ हात द्या. आणि ताई, तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

बोरीकाठ
सुतार परत पाठवला. रागावलाय. कूलर बाहेर काढला. सहा सरे ठोकले, पाच टणक, ओसरीकडच्या एकाचं टोक भद्द वाजतंय. ओसरी रिकामी केली, टेकू लावतोय. जळगाव_सिव्हिल भाऊ, इकडे येणं होईल का? दाराचं अजून कळत नाही, खालचा कोपराही घासतो आणि मधेही.

जळगाव_सिव्हिल
रविवारी पारोळ्याला येतोय, तिथून येईन. टेकूखाली जाड फळी घाला, नाहीतर तो मातीच्या जमिनीत रुतेल. आणि पाऊस असेपर्यंत त्या बाजूची माती उतरवायला कोणाला वर चढवू नका.

रंधा_पटाशी (धुळे)
दाराचा फोटो टाका. अर्धं उघडं ठेवून काढा, वरची बिजागरी नीट दिसली पाहिजे.