अनुभव धागा: हॉबी सीएनसी राऊटरला लेझर जोडताना

यंत्रवेडा: सोलापूरच्या गड्डा जत्रेत नाव कोरून देणाऱ्या किचेनच्या स्टॉलवर लेझरची ती निळी टिकली बघितली आणि ३०१८ वरची (कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं छोटं राऊटर) जुनी जोडाजोड आठवली. आपापले अनुभव टाका. वायरिंगपासून सुरू करतो. तीन वायरी: प्लस, ग्राउंड, पीडब्ल्यूएम (पॉवर कमी-जास्त करणारा सिग्नल). लेझर मॉड्यूल १२ व्होल्टचं की २४ चं ते आधी बघा, राऊटरचा सप्लाय बहुधा २४ चा असतो. बोर्डात जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर सेटिंग $३२=१ (लेझर मोड), $३०=१००० (फुल पॉवरचा आकडा). पुन्हा राऊटिंगला बसाल तेव्हा $३२=० करायचं विसरू नका, नाहीतर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) वेग घ्यायच्या आत बिट लाकडात घुसतं.

होटगी रोड: आणि लेझर चालू करायची कमांड एम३ नको, एम४. एम४ मध्ये वेग कमी झाला की पॉवरही कमी होते. एम३ ला कोपरे काळे पडतात.

चटणीवाली: खोक्यावरच्या ४० वॅटवर जाऊ नका ओ. ते मॉड्यूल खातं तेवढी वीज. उजेड ५-५.५ वॅट.

कडक भाकरी: ३ एमएम प्लाय कापतो का मग?

चटणीवाली: कापतो की. मिनिटाला २०० एमएम, फुल पॉवर, ३-४ फेऱ्यांपासून सुरू करा. प्लायच्या थरात डिंकाचा गोळा आला की तेवढंच अडकतं. फिशटँकच्या पंपाची नळी टोकाशी बांधा. हवा नसली तर धूर किरणाच्या आड येतो आणि लेन्सवर काजळी बसते.

कडक भाकरी: चार फेऱ्या? तेवढ्यात भाकरी कडक होते 😄

जुळे सोलापूर: फोकस डोळ्यांनी लावू नका. झेड (वर-खाली होणारा अक्ष) आहे ना आपल्याकडे! दर रेघेला झेड अर्धा एमएम वर घ्या, दहा रेघा मारा, सगळ्यात बारीक रेघ निवडा. त्या उंचीचा ठोकळा कापून मशीनजवळ ठेवा. लेझर डायोडचा ठिपका गोल नसतो, लांबट असतो. एक्स आणि वायच्या रेघा वेगळ्या जाड येतात, म्हणून डब्याचे खाचे एका बाजूला ढिले बसतात.

मालक बोला: टॉवेलवर नाव येईल का? गिऱ्हाईक विचारतंय.

होटगी रोड: मालक, सुती टॉवेलचे लूप जळतात, धुतल्यावर खड्डा राहतो. भरतकामाच्या मशीनवर घाला.

मालक बोला: मग रेक्झिनचं लेबल?

यंत्रवेडा: पीव्हीसी असेल तर अजिबात नको. हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीत जातो आणि मशीनचे रॉड गंजतात. उघड्यावर तांब्याची तार लाल करा, रेक्झिनला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की ते रेक्झिन बाजूला.

चटणीवाली: पारदर्शक ॲक्रिलिकही विसरा, ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड आरपार जातो. काळं कापतं.

जुळे सोलापूर: यूएसबी लावताच लेझर चमकला तर पीडब्ल्यूएम आणि ग्राउंडमध्ये १० के (१० हजार ओहमचा) रेझिस्टर टाका. बोर्ड रीसेट होताना पिन अधांतरी असते.

कडक भाकरी: गॉगल काळा चालेल का ओ, गाडीवरचा?

होटगी रोड: नाही! ४५० नॅनोमीटरसाठीचा, ओडी (किरण अडवायची ताकद) ५ च्या वरचा. ॲल्युमिनियमच्या बेडवरून किरण उलटतो, बघणाऱ्यांनाही गॉगल द्या. माल १० एमएम पट्ट्यांवर उचलून ठेवा, खालून धूर निघतो.

चटणीवाली: मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लावू नका. डायोड तापला की उजेड घटतो, सकाळची सेटिंग दुपारी कापत नाही.

मालक बोला: मग भरतकामवाला कुठं गाठू, अक्कलकोट रोडला का?